ऑपरेशननंतरची मॅमोग्राफी: व्रण की आणखी काही? (नाशिक)

गोदाकाठ
सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. वय ४६, राहायला इंदिरानगर.

फेब्रुवारीच्या शेवटी डाव्या छातीतली गाठ ऑपरेशन करून काढली. आधी सुईने तुकडा घेतला होता, पण तो पुरेसा नव्हता आणि नक्की काही कळेना, म्हणून सर्जननी अख्खी गाठच काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट साधा आला. फायब्रोअ‍ॅडेनोमा, कॅन्सर नाही. देवापुढे साखर ठेवली आणि विषय संपला असं धरून कामाला लागले.

सर्जननी सांगितल्याप्रमाणे परवा मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, केली. आधी जिथे केली होती तिथलं मशीन बंद होतं, म्हणून दुसऱ्या सेंटरला गेले. रिपोर्टात लिहिलंय: डावीकडे, काखेच्या बाजूच्या वरच्या भागात 'आर्किटेक्चरल डिस्टॉर्शन', कडा 'स्पिक्युलेटेड', बायरॅड्स ०, पुढील तपासण्या कराव्यात. घरी येऊन हे शब्द मोबाइलवर शोधत बसले. स्पिक्युलेटेड म्हणजे काट्यांसारख्या कडा, आणि जिथे तिथे त्याच्यापुढे कॅन्सर हाच शब्द.

गाठ काढली तिथेच हे दिसतंय. मग हा ऑपरेशनचा व्रण असेल का? व्रण फोटोत इतका वाईट दिसतो? की साधी गाठ काढली आणि शेजारचं दुसरंच काही राहून गेलं? सर्जन गुरुवारी भेटतील. ह्यांना सांगितलंय, सासूबाईंना अजून नाही. घटस्थापनेची तयारी चालली आहे घरात, आणि माझं कशातच लक्ष नाही.

पेठेतली
सोमवार, रात्री ११:१५

ताई, आधी पाणी प्या आणि मोबाइल बाजूला ठेवा. रात्री अकरानंतर रिपोर्टातले शब्द शोधायचे नाहीत, हा नियम आमच्या घरात आईच्या आजारपणात केला होता. इथे माहीतगार माणसं आहेत, सकाळपर्यंत कुणीतरी नीट सांगेल.

क्षकिरण
मंगळवार, सकाळी ६:४०

मी रेडिओलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. फिल्म पाहिल्याशिवाय तुमचं निदान मी करणार नाही, कुणीच करू नये. पण तीन गोष्टी विचारते:

१. दुसऱ्या सेंटरला फेब्रुवारीतलं ऑपरेशन सांगितलं होतं का? फॉर्मवर लिहिलं होतं का?
२. जानेवारी-फेब्रुवारीची जुनी मॅमोग्राफी सोबत नेली होती का?
३. फोटोत व्रणाची जागा कळावी म्हणून, फोटो काढताना व्रणावर बारीक तार चिकटवली होती का?

गोदाकाठ
मंगळवार, सकाळी ७:०५

तिन्हीचं उत्तर 'नाही' असंच आहे. फॉर्मवर नाव, वय, फोन आणि पाळीची तारीख एवढंच होतं. बाईंनी 'काही त्रास?' विचारलं, मी 'नाही' म्हटलं. त्रास नव्हताच ना. जुनी सीडी कपाटात आहे.

क्षकिरण
मंगळवार, सकाळी ७:५०

मग त्या डॉक्टरांनी जे लिहिलं ते त्यांच्या जागी बरोबरच आहे. ऑपरेशन झालंय हे माहीत नसताना असा फोटो समोर आला तर मीही हेच लिहीन. जिथे चाकू फिरला नाही तिथे आतली वीण ओढली गेलेली दिसली (तेच 'आर्किटेक्चरल डिस्टॉर्शन'), तर ते गंभीरच मानायचं असतं.

आता 'शून्य'. बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीचा निष्कर्ष आकड्यात सांगायची पद्धत, तिची श्रेणी ० ते ६ आहे. त्यातलं शून्य म्हणजे धोका शून्य असं नव्हे, आणि धोका आहे असंही नव्हे. पेपर अजून तपासून झालेला नाही, जुनी फिल्म किंवा आणखी फोटो आणा, एवढाच त्याचा अर्थ. १ म्हणजे काही नाही, २ म्हणजे दिसतंय ते निरुपद्रवी. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ४ आणि ५ ला तुकडा तपासावाच लागतो. ६ म्हणजे कॅन्सर आधीच सिद्ध झालेला.

व्रण वाईट दिसतो का? हो, अगदी तसाच दिसतो. काढलेल्या गाठीच्या जागी आधी पोकळी होते, तिथे पाणी किंवा रक्त साठतं. फोटोत ते पांढऱ्या गाठीसारखंच दिसतं. पुढे महिन्यामहिन्याने ते शोषलं जातं, पोकळी आकसते आणि आजूबाजूचे धागे आत ओढले जातात. तेच ते काटे. कातडी थोडी जाड झालेली दिसते, आत ओढलेलीही दिसते. गाठ साधी असेल आणि रेडिएशन दिलेलं नसेल, तर बहुतेक बायकांमध्ये हे वर्षभरात बरंच ओसरतं. काहींमध्ये खूण कायम राहते. तुमचा सातवा महिना आहे, म्हणजे अजून दिसायचे दिवस आहेत.

ओळखायचं कसं, त्याचे काही धागे सांगते. व्रण पातळ असतो, भाकरीसारखा. भाकरी उभी धरली तर रेघ दिसते, समोर धरली तर गोल. मॅमोग्राफीत प्रत्येक बाजूचे दोन फोटो असतात, एक वरून खाली आणि एक तिरका. व्रण एकात लांबट रेघेसारखा आणि दुसऱ्यात पसरट दिसला तर ते बोलकं असतं. कॅन्सरची गाठ लाडवासारखी, कुठूनही बघा, साधारण तेवढीच. व्रणाच्या मध्यात चरबी अडकलेली असते, म्हणून मधोमध काळपट दिसतं. कॅन्सरचं मध्य बहुधा पांढरं, घट्ट. यातलं एकेकटं लक्षण पुरेसं नसतं, सगळी मिळून बघायची असतात. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे जुनी फिल्म शेजारी लावणं.

सिन्नरकर
मंगळवार, दुपारी १:२०

वरचं सगळं खरं असेल, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण आम्ही ती भोगली आहे. बायकोचं ऑपरेशन २०१७ चं. तिचा कॅन्सरच होता, गाठ काढून रेडिएशन झालं होतं. २०२० मध्ये व्रणाच्या टोकाला जरा घट्ट लागायला लागलं. एका ठिकाणी दाखवलं, 'व्रण आहे, असं होतंच' म्हणून परत पाठवलं. जुन्या फिल्म मागितल्यासुद्धा नाहीत. आम्ही आनंदाने घरी आलो. चार महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी २०१८ आणि २०१९ च्या फिल्म रांगेने लावल्या. व्रण २०१९ पर्यंत बारीक होत आलेला आणि नंतर एका कडेला फुगलेला, आम्हालाही दिसला. तुकडा काढला तर कॅन्सर तिथेच परत आला होता. आज ती बरी आहे, पण ते चार महिने मी विसरू शकत नाही.

म्हणून सांगतो ताई, 'व्रणच असेल' या वाक्यावर कुणी तुमची बोळवण केली तर उठू नका. कशावरून, हे विचारा.

क्षकिरण
मंगळवार, दुपारी २:१०

दादा, तुमचा प्रतिसाद माझ्यापेक्षा महत्त्वाचा आहे. व्रणाचा स्वभाव एकच: तो लहान होतो किंवा आहे तसा राहतो. आधी कमी होत गेला आणि मग वाढला, गोलाई आली, नवे बारीक कॅल्शियमचे कण आले, तर तो व्रण आहे म्हणून सोडायचा नाही.

फक्त दोन्ही प्रकरणांत फरक आहे. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रेडिएशन दिलं की सूज आणि कातडीची जाडी जास्त असते, ओसरायला दोन-तीन वर्षंही लागतात. साध्या गाठीनंतर तसं नसतं. त्यामुळे गोदाकाठ ताईंचा फोटो वाचताना 'काय काढलं, कधी काढलं, रेडिएशन होतं का' हे कळल्याशिवाय अर्थ लागतच नाही.

कडूनिंब
मंगळवार, दुपारी ३:००

राग मानू नका, पण आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात की गाठीला सुई लागली की ती पसरते. आधी सुई, मग ऑपरेशन, आता परत तुकडा. इतकं छेडायचं कशाला?

सिस्टरमावशी
मंगळवार, दुपारी ४:३५

कडूनिंब बाळा, ३१ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली, म्हणून बोलते. सुईने कॅन्सर अंगभर पसरतो या भीतीने घरी बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. येतात तेव्हा गाठ कातडीबाहेर आलेली असते. तपासणी लांबवल्याने जो घात होतो, तो मी डोळ्यांनी पाहिलाय. आज मोठ्या ऑपरेशनच्या आधी सुईने तुकडा घेणं हीच नेहमीची पद्धत आहे, ती याचसाठी की उगाच चिरफाड होऊ नये.

गोदाकाठ, तुझा शेवटचा प्रश्न कुणी घेतला नाही. साधी गाठ काढली आणि दुसरंच काही राहून गेलं का? प्रश्न अगदी रास्त आहे. हाताला लागणारी गाठ असेल तर सर्जन बोटाने धरून काढतो, तिथे चुकायची शक्यता कमी. पण नुसत्या फोटोत दिसणारे कण काढायचे असतील तर ऑपरेशनच्या आधी मॅमोग्राफी नाहीतर सोनोग्राफी बघून तिथे एक बारीक आकड्याची तार सोडतात. तारेच्या मागावर सर्जन जातो. निघालेला तुकडा आम्ही तसाच एक्स-रेला पाठवायचो. रेडिओलॉजिस्टचा फोन यायचा, 'कण आलेत, टाके घाला.' तो फोन येईपर्यंत पेशंट टेबलावर. एकदा फोन आला, 'नाही आलेत', आणि सर्जननी तिथेच आणखी थोडं काढलं.

तू काय कर, पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर गाठीचं माप असतं ते बघ आणि ऑपरेशनच्या आधीच्या सोनोग्राफीतलं माप बघ.

गोदाकाठ
मंगळवार, सायंकाळी ६:१०

मावशी, दोन्ही कागद काढले. सोनोग्राफीत १.९ सेंमी, पॅथॉलॉजीत १.८ सेंमी. गाठ हाताला लागत होती. आज दिवसभरात पहिल्यांदा नीट जेवले.

नाशिकरोड
मंगळवार, रात्री ८:००

माझ्या वहिनीच्या रिपोर्टमध्ये 'रेडियल स्कार' आलंय. म्हणजे तोही ऑपरेशनचाच व्रण ना? पण तिचं कधी ऑपरेशनच झालेलं नाही.

क्षकिरण
मंगळवार, रात्री ८:४०

नाही, आणि या नावाने पुष्कळ गोंधळ होतो. रेडियल स्कारचा ऑपरेशनशी काहीही संबंध नाही. ती स्तनातली आपोआप होणारी एक रचना आहे, फोटोत मधोमध काळपट आणि भोवती किरणांसारखे धागे, म्हणून हे नाव पडलं. ती स्वतः कॅन्सर नाही, पण तिच्यासोबत कधी कधी इतर बदल सापडतात. वहिनींनी रिपोर्ट घेऊन सर्जनना भेटावं. 'स्कार म्हणजे व्रणच' म्हणून कागद फाइलला लावू नये.

सातपूरकरीण
मंगळवार, रात्री ९:३०

माझा अनुभव. साधी गाठ काढली २०१९ ला. दोन वर्षांनी व्रणाखाली कडक, वाटाण्याएवढं लागलं. अंघोळ करताना हात गेला आणि जागीच बसले. मॅमोग्राफीत बारीक, वेडेवाकडे कॅल्शियमचे कण. पुन्हा सुई, पुन्हा आठ दिवस वाट. निघालं काय, तर 'फॅट नेक्रोसिस'. ऑपरेशनात जी चरबी दुखावली जाते ती मरते, तिथे तेलाचा थेंब साचतो आणि त्याला हळूहळू कॅल्शियमचं कवच येतं. पुढच्या वर्षीच्या फोटोत त्याचं छान अंड्याच्या टरफलासारखं गोल कडं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, हे आधीच असं दिसलं असतं तर सुई घातलीच नसती. सुरुवातीच्या दिवसांत मात्र ते फसवं दिसतं.

आणखी एक. मॅमोग्राफीला जाताना काखेत पावडर, डिओ लावू नका. पावडरीचे कण फोटोत कॅल्शियमसारखे उमटतात. मला त्यासाठी एकदा पुसून परत उभं केलं होतं. आणि पाळी येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात गेलात तर दाबताना कमी दुखतं.

द्राक्षवेल
मंगळवार, रात्री १०:१५

पिंपळगाव बसवंतचा बागाईतदार आहे. आमच्या मंडळींचं असंच ऑपरेशन झालं तेव्हा कागद सांभाळायचं काम मी घेतलं. बागेची डायरी ठेवतो तशीच त्यांची ठेवली. कोणत्या तारखेला छाटणी, कोणती फवारणी, हे लिहिल्याशिवाय पुढच्या वर्षी वेलीवर काय दिसतंय त्याचा अर्थ लागत नाही. तसंच इथे. पहिल्या पानावर ऑपरेशनची तारीख, बाजू, कुठे चीर आहे त्याचं साधं चित्र, पॅथॉलॉजीचं एक वाक्य. मागे फिल्म वर्षाप्रमाणे. सीडी दोन वर्षांनी उघडेना झाली, तेव्हापासून पेनड्राइव्हवरही घेतो.

सध्या ऑक्टोबर छाटणीची गडबड आहे, पण ताई, कुणाला गाडीने न्यायचं असेल तर सांगा. नाशिकला रोज फेरी आहे.

पेठेतली
मंगळवार, रात्री १०:३०

द्राक्षवेल दादा, ही युक्ती आजच आईच्या फाइलला लावते. आमच्याकडे फिल्म गादीखाली होत्या, सरळ राहाव्यात म्हणून!

सिस्टरमावशी
मंगळवार, रात्री १०:४५

गादीखाली नको ग. उष्णतेने एकमेकींना चिकटतात. मूळ पाकिटात घालून कपाटात उभ्या ठेव.

सिन्नरकर
बुधवार, सकाळी ९:००

एमआरआय करून टाकला तर एका झटक्यात कळणार नाही का? आम्हाला तसं सुचवलं होतं.

क्षकिरण
बुधवार, दुपारी १२:३०

तुमच्या घरच्यांच्या बाबतीत उपयोग होता, कारण तेव्हा ऑपरेशनला तीन वर्षं झाली होती. एमआरआयमध्ये शिरेतून औषध देतात आणि जिथे रक्तपुरवठा जास्त तो भाग उजळतो. जुना, शांत झालेला व्रण सहसा उजळत नाही. पण ताजी जखम भरत असते तिथे नवीन रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत निव्वळ व्रणही उजळू शकतो, कधी कधी वर्ष-दीड वर्षही. सातव्या महिन्यात घाईने केलेला एमआरआय उत्तर देण्याऐवजी आणखी एक प्रश्न उभा करू शकतो. आधी साध्या गोष्टी: जुनी सीडी, व्रणावर तार, त्या जागेवर दाब देऊन जवळचा फोटो, आणि सोनोग्राफी.

नाशिकरोड
बुधवार, दुपारी ४:००

दुसरं मत हवं असेल तर परळला टाटा मेमोरियल आहेच. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली की दादरला उतरून जवळ. वहिनीला घेऊन आम्ही तसंच जाणार आहोत. जाताना फिल्मसोबत पॅथॉलॉजीच्या स्लाइड आणि काढलेला तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक मागून घ्या, नुसता कागद पुरत नाही.

गोदाकाठ
गुरुवार, रात्री ९:१५

सर्जनना भेटून आले. त्यांनी रिपोर्ट वाचला, जुनी सीडी लावली आणि पहिलं वाक्य हेच, 'यांना ऑपरेशन माहीत नव्हतं का?' त्यांनी रेडिओलॉजिस्टना फोन लावून माझ्यासमोर सगळं सांगितलं. शनिवारी परत बोलावलंय. मी सिन्नरकर दादांचं वाक्य विचारलं, 'व्रणच आहे हे कशावरून?' ते रागावले नाहीत. म्हणाले, शनिवारी फोटो समोर लावून दाखवू.

सासूबाईंना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, 'शनिवारी मी येते सोबत, घट दुसरं कुणी बघेल.'

गोदाकाठ
शनिवार, सायंकाळी ७:४०

सविस्तर लिहिते, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

त्याच सेंटरला गेले, जिथून शून्य आलं होतं. या वेळी मॅडम स्वतः बाहेर आल्या, ऑपरेशनचा कागद वाचला आणि व्रणाच्या रेघेवर चिकटपट्टीने बारीक तार लावली. दोन नेहमीचे फोटो आणि मग त्या जागेवर छोट्या पट्टीने दाबून दोन. दुखलं, पण मिनिटभरच.

नंतर पडद्यावर दोघींना दाखवलं, मला आणि सासूबाईंना. तिरक्या फोटोत ते काटे तारेच्या बरोबर खाली, उभ्या रेघेसारखे. वरून घेतलेल्या फोटोत तेच पसरट, मध्ये काळपट. जानेवारीच्या फोटोत त्याच जागी गुळगुळीत कडांची गोल गाठ होती, ती आता नाही आणि दुसरं नवीन काही नाही. सोनोग्राफीत कातडीपासून आतपर्यंत काळसर पट्टा दिसला, आणि त्याच्या तळाशी पाण्याचा छोटा साठा, ८ मिलिमीटर. रंगीत डॉपलर लावून त्यात रक्त फिरत नाही हे दाखवलं.

नवा रिपोर्ट: ऑपरेशननंतरचे बदल, बायरॅड्स ३, सहा महिन्यांनी पुन्हा. मी विचारलं, २ का नाही? त्या म्हणाल्या, व्रण आहे याची मला खात्री वाटते, पण तो कमी होताना मी अजून पाहिलेला नाही. एप्रिलमध्ये पाहिला की २ लिहीन. हे उत्तर मला पटलं.

सिन्नरकर
शनिवार, रात्री ८:०५

वाचून डोळ्यांत पाणी आलं. घरी मोठ्याने वाचून दाखवलं. बायको म्हणतेय, एप्रिलची तारीख आत्ताच घेऊन ठेवा, 'बघू' म्हणू नका.

क्षकिरण
शनिवार, रात्री ८:२०

त्या मॅडमचं '२ का नाही' याचं उत्तर मी वहीत लिहून घेतलं. ताई, आजचे फोटो सीडीवर घ्यायला विसरू नका. एप्रिलमध्ये त्यांच्याशीच तुलना होणार आहे.

द्राक्षवेल
शनिवार, रात्री ८:५०

एप्रिलमध्ये आमची खरड छाटणी असते, डायरीत तुमची तारीखही लिहून ठेवली आहे. इथेच आठवण करतो.

गोदाकाठ
शनिवार, रात्री ९:१०

सीडी घेतली, पेनड्राइव्हवरही घेतलं. उद्या सगळ्या कालिकेच्या यात्रेला जातोय, सासूबाईंनी बोललं होतं म्हणे.

मखमलाबाद
रविवार, सकाळी ७:३०

उशिरा धागा पाहिला. आईचं साध्या गाठीचं ऑपरेशन २०१६ चं, त्यानंतर एकदाही मॅमोग्राफी नाही. आता करायची ठरवली आहे, वय ६१. जुनी फिल्म घर बदलताना गेली, दवाखानाही बंद झाला. मग तुलना कशाशी करणार?

क्षकिरण
रविवार, सकाळी ८:१५

तरी करा, हीच तिची पहिली फिल्म समजायची. डिस्चार्ज कार्ड शोधा, त्यावर बाजू आणि तारीख असेल. पॅथॉलॉजीची लॅब वेगळी असेल तर तिथे रिपोर्टची प्रत मागून बघा. यातलं काहीच नाही मिळालं तर आईंना आरशासमोर उभं करून व्रण कुठे आहे ते कागदावर काढा, आणि जाल तेव्हा फोटो घेणाऱ्या बाईंना आत शिरताच तो कागद द्या.